आसनाच्या अलीकडची पायरी

'शरीर, मन आणि आत्मा यांचा मेळ म्हणजे योग' हे वाक्य आता इतके सर्वतोमुखी झाले आहे की ते कोण, कोठे आणि कोणासमोर उच्चारीत आहे याचा विचार करण्याची गरज कोणास वाटत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. परिपत्रक, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, प्रमुख पाहुणे आणि शेवटी छायाचित्रांसह अहवाल असा त्याचा एक क्रम ठरून गेला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मराठी शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांनाही तो पाठ आहे. प्रस्तुत लेखन त्या दिवसाची टवाळी करण्यासाठी नाही. सकाळी काही वेळ स्वस्थ बसून स्वतःच्या श्वासाकडे पाहण्यात गैर असे काहीच नाही. उलट ते अधिक जणांनी अधिक दिवस करावे. आमचे म्हणणे एवढेच की योग ही आध्यात्मिक साधना आहे असे आपण मानत असू, तर तिचा आरंभ आसनापासून होत नाही. आसनाच्या अलीकडे एक पायरी आहे. ती शास्त्रात सांगितलेली आहे आणि आमच्या या दोन जिल्ह्यांत ती प्रत्यक्ष जगून दाखविली गेली आहे. तीच वगळून आपण विद्यार्थ्याला थेट सतरंजीवर बसवतो.

प्रथम शरीराचा विचार करू. २१ जून म्हणजे उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस. आमच्याकडे हा मृग सरून आर्द्रा लागण्याचा काळ. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पुष्कळदा त्या दिवशी शाळेत मुले नसतातच. ती घरच्यांबरोबर बांधीत असतात. धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई असते, पुढे रोवणी असते. त्याआधीचा उन्हाळा मोहफुले वेचण्यात आणि तेंदूपत्ता तोडण्यात गेलेला असतो. पहाटे जंगलात शिरून पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, दिवस मावळण्याच्या सुमारास ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मोह वेचताना आणि रोवणी करताना माणूस तासन्‌तास कमरेतून वाकलेला असतो. ताडोबा-अंधारीच्या आसपासच्या गावांत असे वाकून काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या जवळजवळ दर उन्हाळ्यात येतात. कमरेतून पुढे वाकण्याला अन्यत्र एखाद्या आसनाचे नाव असेल. येथे ते पोटासाठीचे, आणि कधी जिवावर बेतणारे, काम आहे. या शरीराला आसन शिकविण्यापूर्वी ते रात्री किती विसावले आणि काय जेवले, हे शिकविणाऱ्याने विचारावयास नको काय?

आता शास्त्राकडे वळू. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत आसन तिसरे. पहिले अंग यम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह, दुसरे नियम. संपूर्ण योगसूत्रांत आसनासाठी अवघी तीन सूत्रे खर्ची पडली आहेत. यमांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पाचांपैकी बहुतेक यम एकट्याने पाळता येण्यासारखे नाहीत. अहिंसा कोणाच्या तरी बाबतीत असते, अस्तेय कोणाच्या तरी वस्तूसंबंधी असते, अपरिग्रहाचा प्रश्न दुसऱ्याच्या वाट्याशी निगडित असतो. याचा अर्थ असा की योगाची पहिली पायरी ही साधक आणि इतर माणसे यांच्या संबंधांची आहे. आपले शरीर, आपले मन आणि आपला आत्मा या तिघांच्या आतल्या आतल्या मेळाची वेळ त्यानंतर येते. आपल्या लाडक्या त्रिसूत्रीत दुसरा माणूस कोठेच नाही, ही तिची खरी उणीव होय.

मराठीच्या विद्यार्थ्याला योगाची भेट घडते ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात. कुंडलिनीजागृतीचे असे इंद्रियगोचर वर्णन मराठीत दुसरे नाही, आणि नाथपंथाची जी परंपरा निवृत्तिनाथांकरवी ज्ञानेश्वरांपर्यंत पोहोचली तिचा हा वाङ्मयीन कळस आहे. त्याच अध्यायात साधनेला योग्य अशा स्थळाचे एक रमणीय चित्र येते. तेथे गोड फळांची झाडे आहेत, पावलोपावली निर्मळ पाणी आहे, ऊन सौम्य आहे, श्वापदांची दाटी नाही, माणसांची वर्दळ नाही. नास्तिकालाही तेथे तपाला बसावेसे वाटावे, राजालाही राज्य सोडून राहावेसे वाटावे असे ते वन. आमच्या वर्गांतील पुष्कळ मुले वनात वाढलेली आहेत. त्यांचे वन निर्जन नाही. त्यात त्यांची गावे आहेत, देवस्थाने आहेत, सरपणाच्या वाटा आहेत, वनरक्षक आहे आणि श्वापदेही आहेत. ज्ञानेश्वरांचे वन ही साधनेच्या सोयीसाठी रेखाटलेली आदर्श भूमी आहे, आणि काव्य म्हणून ती निर्दोष आहे. पण वसलेल्या वनात योग कसा साधावा, हा प्रश्न तो अध्याय आमच्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवितो. त्याचे उत्तर शोधू लागलो की आमच्याच मुलखातला एक मोठा साधक समोर येतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) अमरावती जिल्ह्यातील यावलीचे. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. कोवळ्या वयात घर सोडून त्यांनी ज्या अरण्यांत साधना केली त्यांत रामटेक आणि सालबर्डी यांच्याबरोबर आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर परिसरातील रामदिघी आणि गोंदोडा यांची नावे येतात. रामदिघीच्या अरण्यात एका योग्याकडून त्यांना योगविद्या लाभली अशी कथा भक्तमंडळी सांगतात. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार घ्यावा. विचार करण्याजोगी गोष्ट तिच्यानंतरची आहे. हा साधक अरण्यात राहिला नाही. तो खंजिरी घेऊन गावात आला. १९३५ साली त्याने मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला उठाव झाला तेव्हा त्याच्या भजनांनी तो मुलूख पेटलेला होता. त्याच महिन्यात चंद्रपुरात त्याला अटक झाली आणि पुढे नागपूर व रायपूरचा तुरुंग घडला. १९५५ साली त्याची ग्रामगीता प्रसिद्ध झाली.

ग्रामगीतेविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेने एक सोयीची भूमिका घेतलेली आहे. हा ग्रंथ प्रबोधनपर, उपदेशपर, म्हणून आदरणीय. काव्यविचारात किंवा तत्त्वविचारात मात्र त्याची दखल ओझरती. तुकडोजी महाराजांचे नाव २००५ साली नागपूर विद्यापीठाला दिले गेले. २०११ साली स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच नावाच्या विद्यापीठाखाली होती. नाव पाटीवर आले, पण ग्रंथाचे वाचन मात्र खोलवर गेले नाही. आमचा पक्ष असा आहे की ग्रामगीता हा मराठीतील एक योगग्रंथ आहे आणि तो तसा वाचला जावयास हवा.

हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण. हठयोगाचा आरंभ शोधनापासून होतो. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही षट्कर्मे सांगितली आहेत, ती देह मलरहित व्हावा यासाठी. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, श्रमसंपत्ती आहे, महिलोन्नती आहे, सामुदायिक प्रार्थना आहे. हठयोगी ज्या जागी देह ठेवतो त्या जागी तुकडोजी महाराजांनी गाव ठेवले. देहातील मळ काढल्याशिवाय प्राण नीट वाहत नाही, हा योग्याचा सिद्धांत. गावातील घाण, व्यसन आणि भेदाभेद काढल्याशिवाय गावाचा प्राण वाहत नाही, हा त्याचा विस्तार. म्हणूनच गुरुदेव सेवा मंडळाच्या दिनक्रमात पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांच्या जोडीला ग्रामसफाई येते. झाडू हे तेथे साधनेचेच एक अंग आहे. ज्याने अरण्यातील एकांत पूर्णपणे अनुभवला त्याने ध्यान या शब्दामागे 'सामुदायिक' हे विशेषण जोडावे, ही मराठी अध्यात्मविचारातील लहान घटना नव्हे. सहाव्या अध्यायातील निर्जन वनाला दिलेले ते वसलेल्या वनाचे उत्तर आहे.

दुसरे उदाहरण वरोऱ्याचे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि तिच्यातून आनंदवन उभे राहिले. १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांना पाठीच्या कण्याच्या विकाराने आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहावयाचे किंवा आडवे पडावयाचे, एवढेच त्यांच्या हाती होते. ज्याला आसन म्हणतात तेच त्यांना नव्हते. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांच्या हातांना बोटे नव्हती, म्हणजे मुद्राही नव्हत्या. तरीही या माणसांनी माळरानातून शेती पिकविली, विहिरी खोदल्या, घरे बांधली, आणि समाजाने टाकून दिलेल्या देहात स्वत्वाची जाणीव जागविली. स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करावी असे ज्ञानेश्वर अठराव्या अध्यायात सांगतात. ती पूजा येथे झडलेल्या बोटांनी बांधली गेली. योग दिनाच्या भित्तिपत्रकावर मात्र लवचीक, तरुण आणि निर्व्यंग देहच असतो. योग जर आत्म्याचा विषय असेल, तर त्याच्या प्रतिमेतून बोटे नसलेला हात का वगळला जावा?

तिसरे स्थळ चंद्रपूरची दीक्षाभूमी. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षेचा दुसरा मोठा सोहळा घडविला. आमच्या विद्यार्थ्यांत बौद्ध कुटुंबांतील मुलामुलींची संख्या मोठी आहे, आणि योग हा आपला विषय नव्हे असे त्यांतील काहींना वाटते. त्यांच्या परंपरेत श्वासाकडे पाहण्याची साधना पुरातन काळापासून आहे. तिचा क्रमही बोलका आहे: आधी शील, मग समाधी, मग प्रज्ञा. आजही विपश्यनेच्या शिबिरात साधक प्रथम शीले ग्रहण करतो, श्वासाचे निरीक्षण नंतर सुरू होते. पंचशील आणि पाच यम यांतील साम्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखविले आहे. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान वेगळे आहे आणि ते वेगळेच राहू द्यावे. पण दुसऱ्याशी नीट वागल्याशिवाय स्वतःच्या आत उतरता येत नाही, एवढ्यावर दोघींचे एकमत आहे.

चौथे उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे. येथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालू राहते. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी गावाने जे गट चालविले त्यांना नाव दिले अभ्यास गट. वनहक्क कायदा २००६ साली आला आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे शेतजमिनीची व्यक्तिगत मालकी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याची सिद्धता दाखविली. हे राजकारणाचे आणि अर्थकारणाचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितले जाते, आणि ते तसे आहेच. पण चित्त स्थिर होण्यासाठी पतंजलींनी जी दोन साधने सांगितली ती कोणती? अभ्यास आणि वैराग्य. अल्पमतात असलेल्या एका माणसालाही मतांच्या संख्येने न चिरडणे ही अहिंसा. जंगलातून गरजेपुरते घेणे हे अस्तेय. जमिनीवरील 'माझे' सोडण्यास तयार होणे हा अपरिग्रह. मेंढ्याच्या लोकांनी आपल्या जगण्याला योग हे नाव दिलेले नाही, आणि आपणही ते त्यांच्यावर लादू नये. त्यांची परंपरा त्यांची आहे, तिला आपल्या ग्रंथांच्या शिक्क्याची गरज नाही. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या पायरीची आपण प्रवचने ऐकतो ती तेथे रोज चढली जाते, आणि यमांवर व्याख्यान देणाऱ्याने एकदा तेथल्या सभेत मागे बसून ऐकावे.

या प्रतिपादनावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की हे सारे समाजकार्य झाले. यात आत्मा कोठे आहे? याचे उत्तर तुकडोजी महाराजांच्या दिनक्रमातच आहे. त्यांनी ग्रामसफाईसाठी ध्यान सोडले नाही. पहाटेची आणि सायंकाळची ती वेळ राखूनच बाकीचा दिवस गावाला दिला. ज्याला मौनात क्षणभरही बसता येत नाही त्याची सेवाही लवकरच वर्चस्वाची हाव होते, हे सार्वजनिक कामे जवळून पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तेव्हा आत वळणे आवश्यकच आहे. दुसरा आक्षेप उलट टोकाचा. योग म्हणजे एका संस्कृतीची सक्ती, म्हणून तो महाविद्यालयातून हद्दपार करावा असे काही मित्र म्हणतात. सक्तीला आमचाही विरोध आहे. ज्या मुलाच्या घरी पेन पूजला जातो, किंवा जी मुलगी त्रिशरण म्हणून दिवसाची सुरुवात करते, तिच्यावर कोणत्याही श्लोकाची बळजबरी होता कामा नये. पण सक्ती वाईट म्हणून श्वासही परका ठरत नाही. नागपुरात जनार्दन स्वामींनी घरोघरी जाऊन, एक पैसाही न घेता योग शिकविला. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून त्याच योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासले. निरपेक्षतेने दिलेले आणि तपासून घेतलेले असे हे धन परिपत्रकाच्या रागापायी टाकून देण्यात शहाणपण नाही.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष काय करावे याचा. आमच्या जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे; आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. कोणत्याही आसनाने वा प्राणायामाने तो बरा होत नाही, आणि व्यासपीठावरून तसे सूचित करणे हा सत्य या यमाचाच भंग आहे. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, जंतुसंसर्ग आणि अतिश्रम यांनी सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जूनच्या उकाड्यात उपाशीपोटी उभ्या केलेल्या रांगेत असा एखादा विद्यार्थी असू शकतो, हे शिकविणाऱ्यास माहीत असले पाहिजे. पाणी पिण्याची, थांबण्याची आणि बाजूला बसण्याची मुभा, दीर्घ कुंभक वैद्यकीय सल्ल्याशिवाय न करण्याची सूचना, आणि त्याच मंडपात इच्छुकांसाठी गोपनीय सिकलसेल तपासणी, एवढे तरी सहज करता येईल. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ पासून सुरू आहे. तिचे कर्मचारी आणि योग दिनाचे आयोजक एकमेकांना भेटले तर 'शरीर' या शब्दाला काही अर्थ येईल. एका सकाळच्या सोहळ्याऐवजी वर्षभर आठवड्यातून दोनदा, नाव न पुकारता आणि छायाचित्र न काढता, पंधरा मिनिटांचे स्वस्थ बसणे चालविले, तर 'मन' या शब्दालाही.

आणि आत्म्याचे काय? ते काम आम्हां भाषेच्या अध्यापकांकडे अंशतः येते असे आम्ही मानतो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आणि ग्रामगीता एकाच सत्रात, समोरासमोर ठेवून वाचल्या जाव्यात. एकीत देहाच्या आत चढत जाणारी शक्ती आहे, दुसरीत गावाच्या गल्लीतून फिरणारी. या दोहोंच्या मधली सहा-सातशे वर्षे मराठी माणसाने आत्मा हा शब्द कोणत्या अर्थांनी वापरला हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, आणि आपल्या गावच्या बांधीत, बोडीत, गोटुलात त्याला त्यातले काय सापडते ते झाडीबोलीत, गोंडीत किंवा माडियात आधी बोलावे आणि मग लिहावे.

चिमूरच्या अरण्यातून एक तरुण योगी गावाकडे वळला, त्याचे कारण त्याने पुढे आयुष्यभर सांगितले. आपण त्याचे नाव विद्यापीठाला दिले, त्याच्या पुतळ्यांना हार घातले. येत्या जूनमध्ये सतरंज्या अंथरण्यापूर्वी ज्या अंगणात त्या अंथरायच्या ते आधी झाडून घ्यावे, तेही शिपायाकडून नव्हे तर स्वतःच्या हातांनी, प्राचार्यांपासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांनी. आसनाच्या अलीकडची पायरी ती तेथे आहे.